दसरा-दिवाळीच्या दिवसांत नागपुरात नोकरी कशी शोधावी

‘आता सणासुदीत कोण माणसे घेतो, दिवाळी होऊ द्या मग पाहू,’ असे म्हणून बरेच जण सप्टेंबरपासूनच हात आखडता घेतात. व्यवहारात याच काळात नागपुरात दोन प्रकारच्या जागा निघतात: दिवाळीपूर्वी हंगामी आणि दिवाळीनंतर कायमच्या. दोहोंची वेळ वेगळी आणि विचारण्याची रीतही वेगळी आहे.

हंगामी काम हवे असेल, तर पितृपक्षातच बाहेर पडावे. त्या पंधरवड्यात खरेदी मंदावलेली असल्याने गांधीबागेतील कापडाच्या, इतवारीतील किराण्याच्या आणि सीताबर्डीच्या मेन रोडवरील दुकानांत मालकांना बोलायला उसंत असते. पितृपक्षात नवे काम सुरू करू नये असे मानणारे पुष्कळ आहेत. पण बोलणी आधी करून घटस्थापनेला रुजू व्हायला कोणाचीच हरकत नसते. नवरात्र लागल्यावर गेलात, तर बहुतेक जागा भरलेल्या आढळतील.

शटर उघडताच दुकानात शिरू नये. झाडलोट, अगरबत्ती आणि बोहनी होऊ द्यावी आणि दुपारी, गल्ल्यासमोर गिऱ्हाईक नसताना विचारावे. ‘काही काम आहे का?’ या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर तयारच असते. त्याऐवजी, ‘भाऊ, दिवाळीसाठी काउंटरवर माणूस घेणार आहात का? मी घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत रोज दुकान बंद होईपर्यंत थांबू शकते, मला बिलिंग येते आणि गिऱ्हाइकाशी हिंदीतही बोलता येते,’ असे सांगावे. ऐन धनत्रयोदशीला सुट्टी मागणारा माणूस ही दुकानदाराची खरी धास्ती असते आणि या एका वाक्याने तिचे निम्मे निरसन होते.

रुजू होण्यापूर्वी पैशांचे बोलणे स्पष्ट करावे. रोजंदारी की महिन्याचा पगार, जेवणाची सुट्टी किती, रात्री उशीर झाल्यास घरी परतण्याची काय सोय, हे विचारण्यात संकोच नको. ‘हिशेब दिवाळीनंतर करू’ हे उत्तर मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; दर आठवड्याला पैसे मागून घ्यावेत आणि मिळालेली रक्कम तारखेसह लिहून ठेवावी. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, वेतनमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्यास बोनसचा हक्क असतो. मोठ्या दालनात काम करणाऱ्यांनी म्हणूनच दिवस मोजून ठेवावेत.

कायमच्या नोकरीचे गणित याच बोनसभोवती फिरते. नोकरी बदलायचे ठरवलेला माणूसही बोनस हाती पडेपर्यंत थांबतो आणि दिवाळी आटोपली की राजीनामा देतो. त्यामुळे हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत, तसेच विमानतळालगतच्या ‘मिहान’ या उद्योग प्रकल्पातील कंपन्यांत भाऊबीजेनंतर विचारणा करण्यात अर्थ असतो. बायोडेटा नवरात्रापूर्वीच तयार ठेवावा, मात्र तो सुट्टीच्या ऐन दिवसांत पाठवू नये, कारण सुट्टीहून परतल्यावर साचलेल्या ईमेलांच्या ढिगात तो तळाशी जातो. कचेऱ्या सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठवणे उत्तम. इतवारीतील पेढ्यांत मात्र लाभपंचमीच्या मुहूर्तानंतर जावे. त्याआधी तेथे बोलण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते.

मधल्या दिवसांत फराळाची आमंत्रणे असतात आणि तीही उपयोगी पडतात. ‘आमच्या पोरासाठी काहीतरी पाहा’ असे चकलीच्या ताटासमोर म्हटलेले वाक्य हात धुताना विसरले जाते. ‘टॅली येते, दोन वर्षे जीएसटीचे काम केले आहे, हिंगणा किंवा वाडीकडे लेखा विभागात जागा हवी आहे,’ असे नेमके सांगावे आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर बायोडेटा पाठवावा, म्हणजे काकांना तो पुढे ढकलण्याशिवाय काही करावे लागत नाही.

‘मिहानमध्ये थेट भरती’ अशा संदेशांपासून सावध राहावे. नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली पैसे मागितले, की बोलणे तिथेच थांबवावे. जागा खरी आहे का, हे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासावे, मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नये आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दिवाळीतही जमले नाही, तर डिसेंबरकडे पाहावे. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्स, रविभवन आणि आमदार निवासाच्या परिसरात वर्दळ वाढते आणि हॉटेल, केटरिंग, ट्रॅव्हल्स व छपाईवाल्यांना जादा हात लागतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होत असल्याने केटरिंगच्या ठेकेदारांना एकाच वेळी दोन्हीकडे माणसे पुरवावी लागतात. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच त्यांना गाठावे आणि सोबत आधारची प्रत व दोन फोटो ठेवावेत, कारण अधिवेशनाच्या परिसरात प्रवेशपत्राशिवाय सोडत नाहीत.