ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे गावात किती पाणी आलं आणि किती लागतं याचा हिशेब, वाचायला सुरुवात झाली की मागच्या रांगा हळूहळू रिकाम्या होतात. विषय खरं तर प्रत्येकाच्या विहिरीचा असतो, त्यामुळे याची फार हळहळ वाटते. मांडणी नीट केली तर हीच माणसं शेवटपर्यंत बसतात.

आधी सभेनं कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे ते ठरवा. ‘पाणी जपून वापरा’ याला सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. ‘यंदा रब्बीला कोणती पिकं घ्यायची?’ असं विचारलं की माणूस सावरून बसतो. या प्रश्नाशी संबंध नसलेला प्रत्येक तक्ता काढून टाका, मग तो कितीही खपून केलेला असो.

आता आकडे. सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. घनमीटरमध्ये बोलू नका. लोकांसमोर, लोकांकडूनच हिशेब करून घ्या. फळ्यावर लिहा: 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. समजा गावाचं क्षेत्र 1,000 हेक्टर आणि पाऊस 400 मिमी. गुणाकार एखाद्या शाळकरी पोराला करायला सांगा. उत्तर येतं 400 कोटी लिटर. मग पिण्याचं पाणी काढा. वस्ती 2,000 आणि जलजीवन मिशनच्या हिशेबानं माणशी रोज 55 लिटर धरलं, तर वर्षाला साधारण 4 कोटी लिटर होतात.

‘पडलं 400 कोटी, प्यायला लागतं 4 कोटी, मग मे महिन्यात टँकर का?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. ही शांतता जड वाटली तरी स्वतः उत्तर देऊ नका. ओढ्यानं वाहून गेलेलं, उन्हानं उडालेलं, पिकांनी प्यायलेलं पाणी लोक आपणच मोजायला लागतात. त्यानंतर उसाचा आकडा ठेवा: हंगामाला पावसासकट सुमारे 2,000 मिमी पाणी धरलं, तर पाच एकर ऊस जवळपास गावाच्या वर्षभराच्या पिण्याइतकं पाणी घेतो. हे सांगताना कुणा शेतकऱ्याकडे बोट जाता कामा नये, नाहीतर चर्चा पाण्यावरून भावकीवर जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये ताळेबंद ग्रामसभेत मांडूनच पिकं ठरवतात, तो दाखला इथे द्या.

सभा शाळेच्या किंवा देवळाच्या पटांगणात असेल तर प्रोजेक्टरचा मोह सोडा. दिवसाउजेडी पडद्यावर काही दिसत नाही. मोठ्या अक्षरांचा फ्लेक्स आणि फळा पुरेसा आहे. माईक आदल्या दिवशी तपासा. सुरुवातीची दोन वाक्यं पाठ करा, बाकीचं बोलीत येऊ द्या. घरात कुणाला तरी एकदा पूर्ण ऐकवा आणि त्यांना काय कळलं ते विचारा.

प्रश्न आला की तो आधी माईकवरून पुन्हा सांगा, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जातो. कुणी चिडून बोललं तर पूर्ण बोलू द्या. कडेला बसलेल्या बायकांना मुद्दाम विचारा. कोणता हातपंप कधी आटतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेलं तिथल्या तिथे फळ्यावर लिहा.

ठरावाचा मसुदा आधीच दोन-तीन ओळींत तयार ठेवा. चर्चेत जे बदललं ते त्यात दुरुस्त करा, मोठ्यानं वाचा आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय माईक खाली ठेवू नका.