"लादेनला अमेरिकेनेच पैसे दिले" म्हणण्याआधी: परकी हस्तक्षेप आणि दहशतवाद हा विषय वहीत कसा मांडायचा

वादविवाद स्पर्धांचे दिवस आले की आमच्या अमळनेरच्या अभ्यासिकेत कोणीतरी पोरगं हा विषय घेऊन येतंच, मोठ्या देशांनी दुसऱ्यांच्या घरात घुसून जे उद्योग केले त्यातून आजचा दहशतवाद कसा वाढला. आणि भाषणाचं पहिलं वाक्य ठरलेलं, लादेनला अमेरिकेनेच पैसे दिले. मीपण कॉलेजात असताना हेच ठोकून दिलं होतं, परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, कधी दिले आणि कोणाच्या हातून दिले? झालं, बोलती बंद, मागच्या रांगेतली आमचीच पोरं खिदळत होती. तुमचं तसं होऊ नये म्हणून मी आता हा विषय कसा बसवून घेतो ते सांगतो, एमपीएससीवाल्यांनाही चालेल.

मोठी वही आडवी धरायची आणि पाच रकाने आखायचे. कोण आलं, कशासाठी आलं, तिथल्या कोणाला हाताशी धरलं, जाताना मागे काय राहिलं, आणि शेवटच्या रकान्याला आम्ही अहिराणीतच नाव दिलंय, "मंग काय व्हयनं?", म्हणजे मग काय झालं. पोरं पहिला आणि पाचवा धडाधड भरतात आणि मधे नुसता बाण काढून मोकळी होतात. खरा माल चौथ्यात असतो.

चौथा रकाना कळत नसेल तर घरी कापूस असणाऱ्या कोणालाही फरदड विचारा. हंगाम संपला तरी पाणी देऊन पऱ्हाट्या उभ्या ठेवल्या की थोडा कापूस अजून निघतो, पण गुलाबी बोंडअळीला खायला-राहायला मिळतं आणि पुढच्या वर्षी ती सगळ्या शिवारात. अळी फरदडीने जन्माला घातली का, तर नाही. पण तिला जागा आणि वेळ कोणी दिला? हस्तक्षेपाबद्दल पण एवढंच म्हणायचं, याच्यापेक्षा जास्त म्हणाल तर परीक्षक पकडतीलच.

सुरुवात अफगाणिस्तानपासून करा, इराणपासून नको, कारण इथे पाचही रकाने ठासून भरतात. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, गावोगाव बंड पेटलं, जुलै १९७९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी बंडखोरांना गुपचूप मदत द्यायची सही केली (तेव्हा हत्यारं नव्हती, हे लक्षात ठेवा, हमखास विचारतात) आणि डिसेंबर १९७९ ला सोव्हिएत फौजा आत आल्या. म्हणजे पहिल्या रकान्यात एक नाव नाही, दोन आहेत, रशियाला सोडून नुसती अमेरिका लिहिली तर अर्धी वही कोरी.

आता तिसरा रकाना. अमेरिकेचा पैसा आणि सौदी अरेबियाने तेवढाच घातलेला पैसा पाकिस्तानच्या आयएसआयकडे जायचा आणि वाटप त्यांचं. पाकिस्तानचे लष्करशहा झिया उल हक यांच्या राजवटीत आयएसआयने कोणाला जास्त दिलं, तर गुलबुद्दीन हेकमतयारसारख्या कट्टर गटाला. बाहेरून आलेले अरब वेगळे, त्यांना आखाती देशांतून आपला आपला पैसा येत होता, आणि लादेनला अमेरिकेने थेट पैसे दिल्याचा पुरावा नाही. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं भो, मला सापडायला बरीच वर्षं लागली. पण त्या लढाईने त्याला मैदान, ओळखी आणि नाव दिलं हे मात्र बिनधास्त लिहा. १९८८ मध्ये पेशावरला अल कायदा उभी राहिली ती याच गोतावळ्यातून.

चौथ्या रकान्यात एक गोष्ट मी पोरांना मुद्दाम सांगतो. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा विद्यापीठाने सरकारी पैशातून अफगाण मुलांसाठी शाळेची पुस्तकं काढली होती, गणितात मोजायला बंदुका आणि काडतुसं, शब्द शिकवायला जिहाद. आपल्या पोराने पहिलीत आंबे-पेरू मोजले, त्या पोराने गोळ्या मोजल्या. रशियन निघून गेले, पुस्तकं तिथेच राहिली, आणि नंतर तालिबानच्या काळातही ती वापरात होती. सगळ्या आकड्यांपेक्षा हे एक उदाहरण हॉलमध्ये जास्त चालतं, अनुभव आहे.

१५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटची सोव्हिएत तुकडी अमू दर्यावरचा पूल ओलांडून परत गेली, त्यांचे १५ हजारांच्या आसपास सैनिक मेले होते आणि अफगाण किती लाख मेले त्याला तर गणतीच नाही, आणि मग अमेरिकेचाही इंटरेस्ट संपला. हत्यारं तिथेच, लढायची सवय लागलेली माणसं तिथेच, निर्वासितांच्या छावण्यांत वाढलेली पोरं तिथेच, देशभर चालेल असं सरकार मात्र नाही. हीच ती फरदड. १९९२ ला काबूलचं सरकार पडलं, मुजाहिदीन, म्हणजे रशियाशी लढलेले बंडखोर, आपापसात भिडले, त्या गोंधळात १९९४ ला कंदाहारकडे तालिबान निघाले. म्हणून "ऐंशीच्या दशकात अमेरिकेने तालिबान बनवले" असं लिहिलं की तारीखच चुकते. व्हॉट्सअ‍ॅपवर मुजाहिदीन, तालिबान, अल कायदा सगळी एकाच पातेल्यात शिजवतात. अहमद शाह मसूद मुजाहिदीनच होता, तो तालिबानशी लढत राहिला आणि अल कायदाच्या माणसांनी त्याला ९ सप्टेंबर २००१ ला मारलं, अमेरिकेवरच्या हल्ल्याच्या दोन दिवस आधी.

कोणी म्हणेल आपल्याला काय त्याचं. मसूद अझहर ज्या हरकत संघटनेत होता ती याच अफगाण लढाईतून निघालेली, डिसेंबर १९९९ मध्ये विमान पळवून त्याला सोडवलं, आणि ते विमान उभं कुठे होतं, कंदाहारला. पुढच्या वर्षी त्याने जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना काढली.

दुसरी ओळ इराक. इथे पाठ करायच्या तारखा दोनच. मार्च २००३ ला अमेरिका घुसली, कारण दिलं महासंहारक अस्त्रं, ती सापडलीच नाहीत. मे २००३ मध्ये अमेरिकेने इराकचा कारभार बघायला नेमलेल्या पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले, पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाची वरची माणसं नोकरीतून काढली, दुसऱ्याने अख्खं सैन्य बरखास्त. ४ लाखांच्या आसपास माणसं, हत्यार चालवता येणारी, एका कागदावर घरी बसली. जिल्ह्यातले सगळे पोलीस एका दिवसात काढून टाकले तर संध्याकाळी बाजारपेठेत काय होईल, एवढाच विचार करा. त्यातलेच काही अधिकारी पुढे आयसिसचा कणा झाले. आयसिसचा म्होरक्या बगदादी स्वतः २००४ मध्ये अमेरिकेच्या कॅम्प बुक्का तुरुंगात होता, तिथे अशा लोकांच्या एकमेकांशी ओळखी झाल्या, आणि जून २०१४ ला इराकचं मोसूल शहर आयसिसच्या हातात पडलं. या दोन ओळींना जोडणारा माणूस पण आहे, जॉर्डनचा झरकावी, १९८९ ला अफगाणिस्तानात पोचला आणि २००३ नंतर इराकमध्ये अल कायदा चालवली. त्याच्या नावाखाली लाल पेन मारा.

इराणचं थोडक्यात आटपा. तेल कंपनी देशाच्या ताब्यात घेणाऱ्या पंतप्रधान मोसद्देक यांना १९५३ ला अमेरिका-ब्रिटनने पाडलं, तिथल्या राजाला म्हणजे शहाला बळ दिलं, १९७९ ला क्रांती, ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस. लेबनॉन, १९८२ ला इस्रायल घुसला, त्यातून हिजबुल्लाह ही हत्यारबंद संघटना. लिबिया, २०११ ला नाटोने बॉम्ब टाकले, गद्दाफी गेला आणि त्याच्या कोठारातली हत्यारं वाळवंट पार करून मालीत, २०१२ ला उत्तर माली तिथल्या सरकारच्या हातातून गेली. बास.

आणि एक ओळ आपली स्वतःची. ही लिहिली नाही तर तुमची वही म्हणजे नुसती दुसऱ्याच्या नावाने शिमगा. श्रीलंकेतल्या तमिळ गटांना, त्यात एलटीटीई पण, १९८३ नंतर भारतातच ट्रेनिंग मिळालं, मग १९८७ ला आपलीच शांतिसेना तिथे गेली आणि त्याच एलटीटीईशी लढली, १२०० च्या जवळपास जवान गमावून १९९० ला परत आली. २१ मे १९९१, श्रीपेरुम्बुदूर, राजीव गांधी. ही ओळ वाचली की हॉल गप होतो, होऊ द्या.

आता उलटी तपासणी, बहुतेक जण ही करतच नाहीत. व्हिएतनामवर अमेरिकेने एवढे बॉम्ब टाकले, मग व्हिएतनामी अतिरेकी जगभर का फिरले नाहीत? माझं मत असं की १९७५ ला तिथे एकाच सरकारच्या हातात देश आणि हत्यारं दोन्ही आली, चौथा रकाना रिकामा राहिला. कोणाला दुसरं कारण वाटत असेल तर मांडा, वाद तिथेच रंगतो. आणि कोणी उठून म्हणालंच की तुम्ही अतिरेक्यांची बाजू घेताय, तर चिडू नका, रोग कुठून आला हे सांगणारा डॉक्टर रोगाची बाजू घेत नसतो म्हणा आणि पुढे चला, त्यात वेळ घालवू नका. हां, पैसा पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी आणि सौदींनीही वाटला, बंदूक चालवणाऱ्याने स्वतः चालवली, हे पण एका वाक्यात बोला.

सात मिनिटं असतील तर तीन अफगाणिस्तानला, दोन इराकला, उरलेल्यात बाकी सगळं. श्रीलंका शेवटाला ठेवू नका, गेल्या वर्षी आमच्या एका पोरीने ठेवली आणि "आपली स्वतःची ओळ" म्हणाली तेवढ्यात घंटा वाजली.