डिसेंबरात घरी जाताय? मग या चुका टाळा

नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उरकलं की अमेरिकेतल्या आमच्या डिपार्टमेंटमधल्या देशी पोरांच्या अंगात घर संचारतं. आउटलेट मॉलच्या फेऱ्या, बॅगांची वजनं, मावशीचं परफ्यूम. आणि सत्राअखेरचा टर्म पेपर? ‘विमानात लिहितो ना, पंधरा तास आहेत!’ तीन वर्षं टीए (प्रोफेसरांची मदतनीस) म्हणून पेपर तपासतेय, हे वाक्य दर डिसेंबरला ऐकते.

विमानात पेपर लिहून होत नाही. मी प्रयत्न केलाय.

पहिल्या वर्षी नेवार्कहून मुंबईला निघाले. मुदत शुक्रवारी रात्री ११:५९. डिसेंबरात भारत न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी १०:२९. तेवढा एक हिशोब बरोबर आला. सीटखालचा प्लग मेलेला. पुढच्या काकांनी सीट मागे टाकल्यावर लॅपटॉप धड उघडेना. आणि संदर्भाचे सगळे लेख ब्राउझरच्या टॅबमध्ये, एकही उतरवून घेतलेला नाही.

मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरले, पहाटे पुण्याला घरी. आईने पोहे समोर ठेवले, ते तसेच गार झाले. नऊ वाजता पेपर कसाबसा उभा राहिला. पेपर जमा करायची वेबसाइट, कॅनव्हास, उघडलं, तर ड्युओचा (लॉगिनची दुसरी खात्री करणाऱ्या सेवेचा) कोड गेला अमेरिकेच्या नंबरवर. ते सिम मी विमानतळावर काढून भारतातलं घातलं होतं, आणि काढलेलं बहुधा टॅक्सीत पडलं. विद्यापीठाची ईमेलही त्याच कुलपाआड. शेवटी खासगी ईमेलवरून १०:२० ला प्रोफेसरांना पेपर धाडला. त्यांनी घेतला, दहा टक्के कापून. तपासायला माझ्याकडे आला असता तर मी जास्त कापले असते, इतका भिकार होता.

तेव्हापासून मी शेवटच्या सबमिशननंतर दोन रात्री सोडूनच तिकीट काढते. महाग पडलं तरी. लेख एका फोल्डरमध्ये उतरवलेले असतात. ड्युओचं ॲप नेट नसतानाही पासकोड देतं. एसएमएसवर विसंबू नका, ॲप आत्ताच जोडून घ्या. काढलेलं सिम मी पासपोर्टच्या कव्हरला चिकटपट्टीने लावते. हसा खुशाल.

दुसरं माझं दुखणं म्हणजे ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘आय’ ग्रेड, म्हणजे राहिलेलं काम सत्र संपल्यावर पुरं करायची सवलत. डिसेंबरच्या मध्यावर ईमेल येते: ‘मला आय ग्रेड मिळेल का? घरी जाऊन निवांत पूर्ण करतो.’ निवांत? डिसेंबरात? चुलतभावाचं लग्न, बारसं, शाळेतल्या मित्रांचा कट्टा, आणि दुपारच्या जेवणानंतरची जेटलॅगची झोप. घरी बसून कोणी पान लिहिल्याचं मला माहीत नाही. मुळात ही सोय आजारपणासारख्या अडचणीसाठी असते, बरंचसं काम आधी झालेलं लागतं आणि देणं न देणं प्रोफेसरांच्या हातात. बऱ्याच ठिकाणी ठरल्या मुदतीत काम आलं नाही तर त्या ‘आय’चा आपोआप ‘एफ’, म्हणजे नापास, होतो. जानेवारीत नवे कोर्स सुरू होतात तेव्हा हे जुनं भूत मानेवर बसलेलं असतं.

चॅटजीपीटीकडून एका रात्रीत लिहून घेतलेला पेपर बऱ्याचदा तिसऱ्या संदर्भाशी कळतो, कारण तो लेख जगात कुठे नसतोच.

ग्रुप प्रोजेक्ट असेल तर निघायची तारीख कामं वाटतानाच सांगा. विमानतळावरून ‘सॉरी गाइज’ टाकणाऱ्याबरोबर पुन्हा कोणी ग्रुप करत नाही.

घरून विद्यापीठाच्या लायसन्सचं सॉफ्टवेअर लागणार असेल तर व्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कला बाहेरून जोडणारी सोय) निघण्याआधी इथेच चालवून बघा.

आणि आय-२० वरची, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरची, प्रवासाची सही; अमेरिकेत परत शिरताना ती लागते. शिकत असताना ती वर्षभर चालते, ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर) सहा महिने. नाताळात ती सही देणाऱ्या ऑफिसला कुलूप असतं, तेव्हा आजच कागद काढून तारीख बघा. पेपर राहू दे पाच मिनिटं. नाहीतरी तुम्ही तो लिहीत नव्हतातच.