छर्रा नळीत नीट बसतोय का, ते आधी बघा

गोव्यात एअर पिस्तूल शिकणारी नवी मुलं भेटली की एकच तक्रार असते. साइट (नेम धरायची खूण) जुळते, ट्रिगर अलगद सुटतो, सलग चार शॉट नऊ-दहात जातात आणि पाचवा उगाचच सातला. सगळे म्हणतात, मनगट मोडलं, म्हणजे ऐनवेळी वाकलं. असेलही. पण हंगामभर मला ज्याने रडवलं ते मनगट नव्हतं, छर्रा होता, आणि हे कुणी वेळेवर सांगितलं नाही याचा राग अजून गेलेला नाही.

छर्रा शिशाचा, म्हणजे मऊ. पुढे सपाट डोकं, मागे पोकळ, पातळ स्कर्ट. मागून हवेचा दाब आला की स्कर्ट फाकून नळीच्या आतल्या आट्यांना, म्हणजे पिळदार खाचांना, धरतो. त्याची कड एका बाजूला किंचित दबलेली असली तरी हवा तिथून निसटते आणि छर्रा कलूनच बाहेर पडतो. 10 मीटरवर दहाची रिंग 11.5 मिलिमीटर व्यासाची, आणि त्यापुढची प्रत्येक रिंग 8 मिलिमीटर रुंद. एवढ्याशा जागेत कललेल्या छर्ऱ्याला माफी नाही.

म्हणून छर्रा डब्यातून थेट पिस्तुलात घालू नका. उजेडात धरून स्कर्टची कड गोल आहे का बघा. शंका आली तर काचेवर घरंगळवा: चांगला छर्रा सुबक वळण घेत जातो, दबलेला अडखळतो. मग अंगठ्याच्या पेराने तो सरळ नळीत दाबा. सगळीकडून सारखा, हलका अडथळा लागला पाहिजे. आता नळीच्या तोंडावरून नख फिरवा. नख अडलं तर स्कर्ट बाहेर राहिलाय. त्याच अवस्थेत नळी मिटणारं लीव्हर बंद केलं तर कड चेपते आणि हवा अडवणारी रबरी ओ-रिंगही खराब होते. पेनाच्या टोकाने किंवा स्क्रूड्रायव्हरने छर्रा ढकलायची सवय कुणी लावत असेल तर त्याचं ऐकू नका.

हे वाचून धास्ती घेऊ नका. स्पर्धेत 60 शॉटना 75 मिनिटं असतात, नख फिरवायला भरपूर वेळ आहे. काही आठवड्यांत बोटाला आपोआप कळायला लागतं.

डब्यावर 4.49, 4.50 असा आकडा असतो. तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. शेजारच्याला 4.50 जमतो म्हणून तुमच्या नळीला जमेलच असं नाही. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बांधून प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट मारा. जे माप एकच नीट भोक पाडतं ते तुमचं. कोच ही चाचणी करू देत नसेल आणि पहिल्या महिन्यातच महागडं पिस्तूल घ्यायला लावत असेल, तर दुसरा कोच शोधा. मी हे ठामपणे सांगतो. चांगला कोच आधी तुमचा छर्रा हातात घेऊन बघतो.

जुनं पिस्तूल विकत घेताना त्याच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर भरू नका, कुणी कितीही ‘चालतंय’ म्हणालं तरी. त्यात 200 बारपर्यंत दाब असतो.

आपल्याकडे पावसाचा त्रास वेगळा. जूनपासून गणेशचवथीपर्यंत हवा इतकी दमट असते की उघड्या डब्यातल्या छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. ती शिशाची, विषारी. फुंकू नका, रुमालाने पुसून वापरू नका. तो डबा बाजूला काढा. नवा डबा घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. लहान मुलं असतील तर आईवडिलांनी यावर लक्ष ठेवलंच पाहिजे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, बरीच मिनिटं वाया गेली आणि अंतिम फेरी हुकली. 2024 मध्ये पॅरिसला तिनेच दोन कांस्यपदकं मिळवली. साधन बिघडलं म्हणजे तुम्ही वाईट नेमबाज ठरत नाही. स्कोअर पडला की स्वतःला दोष देण्याआधी छर्रा, ओ-रिंग, साइटचे स्क्रू या क्रमाने तपासा.

डबे घेताना लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा क्रमांकही बघा. जो लॉट तुमच्या नळीला जमला त्याचे परवडतील तेवढे डबे एकदम घ्या आणि स्पर्धेसाठी राखून ठेवा. सरावाला स्वस्तातले चालतात. लॉट बदलला, माप तेच असलं तरी, पिस्तूल शिकंज्यात बांधून चाचणी पुन्हा करायची.