शेवगा लावताय? मग या चुका टाळा, आणि आधी पाण्याची झारी बाजूला ठेवा

शेवगा म्हणजे रानात कुठेही वाढणारं झाड, तरी पुण्यातल्या बागांमध्ये लोकांची रोपं मरतात, आणि मी पाहिलेली बहुतेक रोपं उन्हाने नाही तर पाण्याने मेलीत. माझं पहिलं रोप असंच गेलं. पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं तहानलंय, अजून पाणी घातलं, शेवटी उपटून बघितलं तर मुळ्यासारखं जाड सोटमूळ बोटाने दाबलं की मऊ लगदा आणि कुजका वास. तेव्हापासून बोट दोन इंच मातीत घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी.

आपल्याकडची काळी चिकट माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, म्हणून जमिनीत लावताना खड्ड्यात मुरूम किंवा जाड वाळू मिसळा आणि रोप थोडं उंचवट्यावर घ्या. कुंडी असेल तर १८-२० इंचाची, खाली भोकं नीट मोकळी हवीत.

अजून एक, डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की पानं पिवळी होऊन गळतात. तो रोग नाही! खत-पाणी वाढवू नका, ऊन तापलं की फुटवा येतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे कात्री लावायला मन होत नाही. रोप अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, नखाने सुद्धा तुटतो, मग बाजूने फांद्या फुटतात, त्यांचे शेंडे पण एकदा खुडा. नाहीतर झाड सरळसोट वर जातं, शेंगा शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर आणि आपण खाली काठी घेऊन उभे. शेंगा संपल्या की दरवर्षी तीन-चार फुटांवर छाटा, खूप वाटतं पण बिनधास्त छाटा. लाकूड ठिसूळ असतं हो, मे महिन्यात वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला की लांब फांदी काडकन मोडते, खाली गाडी लावू नका.

फुलं भरपूर येतात पण गळतात, हे पण खूप जण विचारतात. बहुतेकदा युरिया जास्त झालेला असतो किंवा बहरात रोज पाणी चालू असतं, कधी सावली असते. याला सहा-सात तास कडक ऊन हवंच. शेणखत, थोडी निंबोळी पेंड पुरते. आणि लवकर शेंगा हव्या तर पीकेएम-१ चं ताजं बी घ्या, तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची जात आहे, सहा-आठ महिन्यांत शेंगा मिळायला लागतात. जुनं बी नीट रुजत नाही.

पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, ते हाताने अजिबात काढू नका, केस लागले की दिवसभर आग-खाज. सकाळी लांब काठीने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा, मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.