कोळंबी हॅचरीत शैवालाची पेस्ट वापरताना या चुका टाळा

व्हॅनामी जातीच्या कोळंबीचे नॉप्लियस, म्हणजे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू, अंगच्या बलकावर जगते. झोइया ही पुढची अवस्था सुरू होताच मात्र त्याला तोंडाजवळ सतत अन्न लागते, आणि हे अन्न म्हणजे कीटोसिरॉस किंवा थॅलासिओसिरा यांसारखे डायटम (सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय) शैवाल. ते हॅचरीतच, म्हणजे पिल्ले तयार करण्याच्या केंद्रातच, वाढवायचे तर शुद्ध बियाणे, वातानुकूलित खोली, प्रकाश आणि जाणता माणूस हवा. त्यामुळे बाटलीतून मिळणाऱ्या घट्ट पेस्टकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. परंतु पेस्टमधल्या पेशी बहुधा मृत असतात. त्या वाढत नाहीत, प्राणवायू देत नाहीत आणि अमोनियाही शोषत नाहीत, ही गोष्ट विसरल्यामुळेच बहुतेक टाक्या बिघडतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पाण्याचा रंग पाहून अंदाजाने मात्रा देणे. समजा, टाकी 10 टनांची (10,000 लिटरची) आहे, दर मिलिलिटरला 80,000 पेशी हव्या आहेत आणि बाटलीवर मिलिलिटरला 100 कोटी पेशी असे लिहिले आहे. तर रिकाम्या पाण्याला 800 मिली पेस्ट लागेल. पण मागच्या वेळच्या दर मिलिलिटरला 30,000 पेशी पाण्यात शिल्लक असतील, तर 500 मिलीच पुरेशी ठरते. प्रत्येक वेळी डोळे झाकून 800 मिली ओतत गेल्यास न खाल्लेल्या पेशी तळाशी कुजतात, जिवाणू माजतात आणि अमोनिया चढतो. म्हणून मात्रा देण्यापूर्वी टाकीतले पाणी न्यूबॉर चेंबरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्यासाठी चौकोन आखलेली काचपट्टी) मोजावे. कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चौकोनांतील पेशींच्या सरासरीला 10,000 ने गुणले की दर मिलिलिटरची संख्या मिळते. नव्या खेपेची पेस्टही नेमक्या प्रमाणात पातळ करून अशीच मोजावी. लेबलवरचा आकडा बाटली भरतानाचा असतो, तुमच्या फ्रिजमधल्या आजच्या पेस्टचा नव्हे.

दुसरी चूक पेशी फोडण्याची. फ्रिजमध्ये ठेवायची पेस्ट जास्त टिकेल या समजुतीने फ्रीझरमध्ये टाकणे, ती गोड्या पाण्यात कालवणे किंवा मिक्सरवर जोरात फिरवणे, या तिन्हींचा परिणाम एकच होतो: पेशींतला रस पाण्यात उतरतो. तो झोइयाला गाळून घेता येत नाही, जिवाणूंना मात्र आयताच मिळतो. पेस्ट टाकीच्याच क्षारतेच्या, गाळलेल्या व निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात हलक्या हाताने कालवावी आणि गुठळ्या बारीक जाळीतून गाळून काढाव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली रिकामी कवचे आणि चुरा जास्त दिसला, तर ती बाटली कितीही महाग असली तरी वापरू नये.

मृत पेशी तळाशी बसतात, म्हणून दिवसाची मात्रा एक-दोन वेळा न देता लहान लहान हप्त्यांत विभागावी आणि टाकीच्या कोपऱ्यांतही हवा पोहोचते ना, हे पाहावे.

जातीच्या निवडीतही गफलत होते. नॅनोक्लोरोप्सिस या दुसऱ्या शैवालाची पेस्ट सहज मिळते व रोटिफर या सूक्ष्म प्राण्यासाठी उत्तम असते. पण तिच्या पेशी जेमतेम 2 ते 4 मायक्रॉनच्या आणि जाड भित्तीच्या असतात, त्यामुळे झोइयाला तिचा फारसा उपयोग होत नाही. पाणी हिरवेगार दिसते आणि पिल्ले उपाशी राहतात.

शंका आली की आधी पिल्लांकडे पाहावे. काचेच्या बीकरमध्ये थोडे पाणी उजेडासमोर धरले, तर पोट भरलेल्या झोइयाच्या मागे विष्ठेचा लांब दोरा तरंगताना दिसतो. दोरा तुटका किंवा नाहीसा झाला असेल, तर प्रथम पेशींची मोजणी करावी. पेशी कमी असतील तर मात्रा वाढवावी. पुरेशा असूनही आतडे रिकामे दिसत असेल, तर मात्रा न वाढवता पेस्टची जात आणि तिच्या पेशींची अवस्था तपासावी, अमोनिया मोजावा व तळाचा गाळ काढावा. तोपर्यंत त्या टाकीला जिवंत शैवाल द्यावे लागते. त्यामुळे पेस्टचा साठा भरपूर असला, तरी कीटोसिरॉसची एखादी टाकी कायम चालू ठेवावी.