पॅरिसमध्ये खास दुपारचे जेवण ठरवताना या चुका टाळा

आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही पॅरिसमध्ये होतो आणि त्या दिवशीचे दुपारचे जेवण निवांतपणे एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा होती. संग्रहालयातून रमतगमत निघालेले आम्ही पावणेतीनला दाराशी पोहोचलो, तेव्हा आत दोन-तीन टेबलांवर कॉफी चालू होती, पण स्वयंपाकघर अडीचलाच बंद झाल्याचे वाढप्याने अदबीने सांगितले. आईने नेसलेली पैठणी तशीच राहिली आणि आम्ही बाकावर बसून सँडविच खाल्ले.

चूक सर्वस्वी माझी होती. फ्रान्समध्ये दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन-अडीच एवढ्याच वेळात मिळते, त्यानंतर चूल पेटते ती संध्याकाळी सात-साडेसातला. म्हणून आधी वार आणि वेळ ठरवावी, मग रेस्टॉरंट. अनेक चांगली रेस्टॉरंटे रविवारी आणि सोमवारी बंद असतात, तर ऑगस्टमध्ये कित्येक मालक दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात. उशीर होणारच असेल, तर दारावर ‘सर्व्हिस कोंतिन्यू’, म्हणजे दिवसभर अखंड सेवा, असे लिहिलेली ब्रासरी, म्हणजे साधेसे मोठे रेस्टॉरंट, शोधावी. आपले पंचांगही पाहून ठेवावे, कारण उन्हाळी सहलीत श्रावण येतो, आणि जेवण नेमके संकष्टीला ठरले तर उपास करणाऱ्याला चंद्रोदयाची वाट पाहावी लागते. जून-जुलैत तिथे सूर्यच साडेनऊच्या पुढे मावळतो.

सर्वांत जास्त फसगत शाकाहारात होते, आणि ती ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच सांगून थांबल्यामुळे होते. तिथे काहींच्या लेखी मासे शाकाहारातच बसतात. कांद्याचे प्रसिद्ध सूप परंपरेने गोमांसाच्या रश्शात शिजते, हिरव्या सॅलडवर ‘लार्दों’ नावाचे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, मूससारख्या गोडात जिलेटिन असू शकते, आणि कोंते चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने विरजलेले असते. आईच्या ताटातल्या सॅलडमध्ये असे गुलाबी तुकडे मी एकदा काट्याने बाजूला काढले आहेत. तिने त्यानंतर ते ताट सरकवून ठेवले, आणि तिचे बरोबरच होते. म्हणून आरक्षण करतानाच ‘सां व्हियांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे लेखी कळवावे आणि रस्सा कशाचा आहे, हेही विचारावे. दोन दिवस आधी कळवले, तर बरेच शेफ आनंदाने वेगळे काही करून देतात. ऐन वेळी सांगितल्यास उकडलेल्या भाज्यांवर भागवावे लागते. शेफ आलाँ पासार यांनी मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळालेल्या आपल्या ‘आर्पेज’ या पॅरिसमधल्या रेस्टॉरंटमध्ये 2001 साली लाल मांस वर्ज्य करून भाज्यांना मानाचे स्थान दिले, तिथले जेवण फार महाग आहे, पण भाजी हाच मुख्य पदार्थ मानणारे स्वयंपाकी या शहरात आहेत, हे त्यावरून कळते.

खर्चाच्या बाबतीत लोक उगाच रात्रीचे जेवण निवडतात. त्याच स्वयंपाकघरातले जेवण दुपारी ‘फॉर्म्युल’ किंवा ‘मेनू’ म्हणून ठरावीक दरात बरेच स्वस्त मिळते. ‘मेनू’ म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, तर ठरलेल्या पदार्थांचे पूर्ण जेवण. यादीला ‘कार्त’ म्हणतात, आणि ‘आंत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. दरफलक बाहेर लावलेला असतोच, तो आत शिरण्यापूर्वी वाचावा. आयफेल टॉवरच्या परिसरात पदार्थांचे रंगीत फोटो लावून कोणी रस्त्यावरून आत बोलावत असेल, तर खास दिवसासाठी ती जागा टाळावी. पाणी मागताना ‘कराफ दो’ म्हणावे, म्हणजे नळाचे पाणी विनामूल्य मिळते, नाहीतर बाटलीचे पैसे पडतात. सेवाशुल्क दरातच धरलेले असते.

आरक्षणासाठी कार्डाचा तपशील घेतला असेल, तर रद्द करण्याची मुदत नीट वाचावी, कारण न कळवता गैरहजर राहिल्यास माणशी दंड कापला जाऊ शकतो.

त्या दुपारी पुढे दुसरे काहीही ठरवू नये. दोन-अडीच तास सहज जातात, आणि मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणे तिथे उद्धटपणाचे मानले जाते. त्यामुळे उठायचे असेल तेव्हा ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’, म्हणजे कृपया बिल द्या, असे आपणच म्हणावे.